चौरंगावरचा समुद्र

संध्याकाळी घरात पाऊल टाकण्याआधी हरेश्वर तामोरे उंबऱ्याबाहेर थांबायचा. खांद्यावरचं जाळं उतरवायचा, पायांची वाळू झटकायचा आणि जमुना दाराशी आली की तिच्या तोंडासमोर वाकून 'हा' करून श्वास सोडायचा. जमुना मान हलवायची. मग तो आत यायचा. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या असत, दिवसभर तो घरातच जाळी सांधत बसलेला असे. तरी दिवेलागणीला उठून अंगणात जायचा, परत दाराशी यायचा आणि 'हा' करायचा. शेजारची ठकी हसून म्हणायची, "देवाला आरती ओवाळतात, आन हा बायकोला वास ओवाळतो."

जमुनाने हे कधी मागितलं नव्हतं. तिने मागितलं होतं ते वेगळंच.

दांडी गावात दारूबंदी कागदावर होती; ताडाच्या बनात आणि खाडीपलीकडच्या भट्ट्यांवर नव्हती. हरेश्वर समुद्रावर असला की शहाण्यासारखा असे. जमिनीवर पाय लागला की त्याला चैन पडत नसे. पाय कुठेतरी न्यायचे, आणि ते एकाच ठिकाणी न्यायचे. त्यांची मुलगी तानी दोन वर्षांची असताना तो तिला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर गेला आणि सुरूच्या झाडाखाली लवंडला तो लवंडलाच. भरती चढली. जमुना धावत पोचली तेव्हा पोर कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, रडतही नव्हती, नुसती बापाकडे बघत होती. बापाच्या पायांना पाणी लागत होतं आणि तो घोरत होता.

जमुना त्याच दिवशी तानीला घेऊन माहीमला बापाकडे गेली. सगळा पावसाळा तिकडेच राहिली. नारळी पौर्णिमेनंतर हरेश्वर तिला आणायला गेला, तेव्हा ती वाडीत केळीची सुकी पानं तोडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "येते. पण परत एक घोट जरी घेतलास, तर मी जाईन ती येणार नाय. तवा न्यायला येऊ नको. तानीचं तोंडपण दिसायचं नाय तुला."

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो उंबऱ्याशी थांबला आणि त्याने श्वास सोडला. तेव्हापासून ते चाललं होतं.

सहासष्ट साली मच्छीमार सोसायटीने दोन माणसं जपानला पाठवायची ठरवली. इंजिनाच्या होड्या आणि नायलॉनची जाळी तिकडे कशी वापरतात ते बघून यायचं, शिकून यायचं. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रभान नाशिककडचे, बी.ए. झालेले, इंग्रजी बोलणारे; ते जाणार हे उघड होतं. दुसरा माणूस समुद्रावरचा हवा होता. हरेश्वरचं नाव निघालं, कारण चार वर्षांत त्याला कुणी प्यालेला पाहिला नव्हता.

निघताना जमुनाने सुक्या बोंबलांची पुरचुंडी बांधून दिली. बोईसरच्या फलाटावर ती एवढंच म्हणाली, "तिकडं मी वास घ्यायला नसेन."

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

जपानमध्ये तो उतरला ते शिकोकू बेटावरचं एक लहानसं बंदर होतं. इंजिनं त्याला कळली. इंजिन सगळीकडे सारखंच धुरकट असतं. जाळीही कळली. पण बाकी काहीच जागेवर नव्हतं. घरी सूर्य समुद्रात बुडायचा, इथे समुद्रातून वर यायचा. त्यामुळे त्याला संध्याकाळ झालीच असं वाटत नसे. रस्त्यावरून चालताना चप्पल वाजली की तो दचकायचा. जेवायला बसला की पाय कुठे ठेवू असं व्हायचं. तरी अंधारू लागलं की तो उतरलेल्या घराच्या दाराबाहेर जाऊन उभा राहायचा आणि रिकाम्या गल्लीकडे तोंड करून श्वास सोडायचा.

"कुणाला देतोस रे वास?" चंद्रभान आतून विचारायचे. "त्या मांजरीला?"

"सवय हाय साहेब."

"इथं काय दारूबंदी नाही. जरा मोकळा हो."

परतायच्या दोन दिवस आधी होड्या बांधणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी, ओकादा नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, दोघांना मेजवानीला बोलावलं. साधी मेजवानी नव्हे. गेशा येणार होत्या. ही बाई गाते, नाचते, पाहुण्याला वाढते, त्याला कंटाळा येऊ देत नाही, आणि हे सगळं ती लहानपणापासून शिकलेली असते, असं चंद्रभाननी दिवसभर त्याला समजावलं. जाताना त्यांनी केसांना तेल लावलं, आरशात दोनदा पाहिलं.

"असा मान फार थोड्यांना मिळतो," ते म्हणाले. "तिथं नाही-बिही म्हणायचं नाही हं. सोसायटीला पहिलं इंजिन हाच माणूस देणार आहे."



खोली चटयांची होती आणि दारं कागदाची. बाहेरचा उजेड त्या कागदातून आत झिरपायचा. समुद्राचा आवाजही झिरपायचा, पण कोणत्या बाजूने ते कळायचं नाही. हरेश्वर मांडी घालून बसला, मग एक पाय उभा केला, मग परत मांडी घातली. त्याच्या समोर चौरंगासारखं काळं, चकचकीत, बैठं मेज होतं. त्यावर इवल्या इवल्या बशा, एकीत कच्च्या माशाच्या पातळ चकत्या. आयुष्य माशात गेलेला माणूस, पण कच्चा मासा चकाकत ताटात बघून त्याने नजर वळवली. आणि मेजाच्या कडेला एका रुंद वाडग्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं होतं. नुसतं पाणी.

दार सरकलं आणि त्या आत आल्या, गुडघ्यांवर बसून, वाकून. तरुण होती तिचा चेहरा पांढऱ्या रंगाने माखलेला होता; गौरीच्या मुखवट्यासारखा, पण डोळे जिवंत, खोडकर. तिच्या बाह्या जमिनीपर्यंत लोळत होत्या आणि तरी एकाही बशीला लागत नव्हत्या. तिच्यामागे एक वयस्क बाई. तिने चेहऱ्याला रंग लावला नव्हता, कपडे गडद होते, बोटांची पेरं सुजलेली होती. तिने कोपऱ्यात बसून तीन तारांचं एक वाद्य मांडीवर घेतलं. तुणतुण्याची मान लांबवली तर होईल तसं. तिने पहिली तार छेडली आणि हरेश्वरला अंगावरून थंड पाणी गेल्यासारखं झालं. तो आवाज घाई करत नव्हता. घाई फक्त त्याच्या आत होती.

तरुणी नाचली. नाच म्हणजे फार थोडं हलणं. पंखा असा धरला की लाट, असा धरला की चंद्र. चंद्रभान मान डोलावत होते. मग ती सरकत हरेश्वरजवळ आली, चिमुकला पेला त्याच्या हातात दिला आणि उभट, कोमट भांड्यातून तो भरला.

वास आला. भाताचा, आंबूस, ओळखीचा. चार वर्षं जो दारात नव्हता, तो त्याच्या नाकाखाली होता.

सगळे त्याच्याकडे बघून हसत पेले उचलत होते. नको म्हणायला भाषा नव्हती. पेला तसाच खाली ठेवावा, तर आपल्याकडे भरलं भांडं न शिवता ठेवणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर मारणं. तेवढ्यात त्याची नजर पाण्याच्या वाडग्यावर गेली आणि त्याचा जीव एकदम भांड्यात पडला. ही पण समुद्राची माणसं! होडीत कुणीही बाटली उघडली तरी पहिली धार पाण्यात जाते, ती समुद्राची. यांनी तर समुद्र चौरंगावरच आणून ठेवलाय. त्याने दोन्ही हातांनी पेला कपाळाला लावला आणि वाडग्यात ओतला.

तरुणीचे डोळे किंचित मोठे झाले. मग तिने, काही झालंच नाही अशा मायेने, पेला परत भरला. तिथे रिकामा पेला दिसला की भरायचाच असतो. थांबायचं असेल तर तो भरलेला ठेवायचा. हे हरेश्वरला कोण सांगणार? त्याने दुसराही समुद्राला दिला. ती भरत होती, तो ओतत होता. चंद्रभान आपल्या नादात होते. त्यांना दिसत होता तो फक्त हरेश्वरचा पुन्हा पुन्हा रिकामा होणारा पेला.

मग ओकादासान, सगळे त्यांना अशीच आदराने हाक मारत, उठून त्याच्यापाशी आले. तिकडे सलगी दाखवायची तर आपला पेला त्या वाडग्यात विसळून पाहुण्याला द्यायचा आणि त्यातून प्यायला लावायचं. वाडगा त्यासाठीच असतो. म्हाताऱ्याने पेला बुडवला, बाहेर काढला, थांबला. वाडग्याशी नाक नेलं. म्हाताऱ्याने कारखान्याच्या दुभाष्याला काही विचारलं, दुभाष्याने इंग्रजीत चंद्रभानना, आणि चंद्रभाननी लालभडक चेहऱ्याने हरेश्वरला.

"अरे गाढवा, पाण्यात काय ओततोयस? ते पेले धुवायचं पाणी आहे!"

हरेश्वरच्या कानशिलांना घाम फुटला. "पहिला समुद्राचा असतो, साहेब."

"आणि दुसरा?"

"तोपण समुद्राचाच."

चंद्रभान कानाशी आले. त्यांच्याही तोंडाला तोच वास होता. "हे बघ, एक घोट. जमुनावहिनी काय इथं बघायला येणार आहे? घरी जाईपर्यंत वास राहतो का?"

राहत नाही. हेच तर तो मघापासून स्वतःशी बोलत होता. हा एकच दिवस असा होता की त्याचा श्वास कुणी तपासणार नव्हतं. त्याने हात मांडीखाली दाबला.

"बायकोला शब्द दिलाय म्हणून सांगा त्यांना," तो म्हणाला. "जशाचं तसं सांगा."

सांगितलं गेलं. ओकादासान मोठ्याने हसले, मांडी थोपटली आणि म्हणाले: मग खेळू. हरेल तो पिईल, जिंकेल त्याला कुणी आग्रह करणार नाही. यात कुणाचाच अपमान नाही.

हरेश्वरने मान हलवली, कारण दुसरा रस्ताच नव्हता.

दोघांमध्ये एक ठेंगणं स्टूल ठेवलं, त्यावर लाकडी वाटी. होडीवरचं एक गाणं लागणार. ठेक्यावर आळीपाळीने हात ठेवायचा. वाटी जागेवर असेल तर उघडा पंजा तिच्यावर. समोरच्याने वाटी उचलून नेली असेल तर रिकाम्या जागी मूठ. चुकला तो हरला. एकदा पेल्यात नुसतं पाणी ठेवून खेळून दाखवलं, मग खरा डाव.

वयस्क बाईने तार छेडली. पंजा, पंजा, मूठ, पंजा. सुरुवातीला ते वल्ह्यासारखं संथ होतं. हरेश्वर वाटीकडे बघतच नव्हता. तो त्या तरुणीच्या खांद्याकडे बघत होता. जाळ्यात मोठं काही शिरलं की दोर आधी खांद्याला कळतो. ती वाटी उचलणार असली की तिचा खांदा कणभर आधी हलायचा. पहिला डाव तिने घालवला आणि पेला रिकामा करून खुदकन हसली. दुसराही तिनेच घालवला. मग कारखान्याचा एक फोरमन बसला, तोही हरला. चंद्रभान "शाबास रे!" म्हणून ओरडले आणि तसेच भिंतीला टेकून पेंगू लागले.

शेवटच्या डावाला तरुणी बाह्या मागे बांधून बसली. ठेका वाढत गेला, इतका की तारेला आणि हाताला श्वास घ्यायला जागा उरली नाही. हरेश्वरच्या डोळ्यांत घाम उतरला. त्याने पापणी मिटली, उघडली. तेवढ्यात वाटी गेली होती आणि त्याचा उघडा पंजा रिकाम्या लाकडावर पडला.

टाळ्या झाल्या. पेला भरला गेला, त्याच्या हातात आला. चंद्रभान आवाजाने जागे झाले, त्यांनी डोळे किलकिले करून बघितलं, हरेश्वरच्या हातात भरला पेला, बाई शेजारी, सगळे टाळ्या वाजवताहेत. समाधानाने हसले आणि परत झोपले.

आता वाडगा चालणार नव्हता. डाव त्यानेच मान्य केला होता. हरेश्वरने पेला उचलला. ओठापासून चार बोटांवर आणला. त्याला किनारा दिसला नाही, भरती दिसली नाही. माहीमच्या वाडीत हात न थांबवता पानं तोडणारी जमुना दिसली.

कोपऱ्यातून कपड्याची सळसळ झाली. वयस्क बाईने वाद्य खाली ठेवलं होतं. गुडघ्यांवर सरकत ती पुढे आली, सुजलेल्या बोटांनी त्याच्या हातातला पेला अलगद काढून घेतला, एका दमात प्यायली आणि मेजावर पालथा घातला. मग ओकादासानना वाकून काहीतरी म्हणाली.

चंद्रभान झोपलेले, म्हणून दुभाष्या हळू, त्याला येत होती तेवढ्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "बोलती है, तार ढीला था. ताल का गलती. इसलिए सजा उसका."

तार ढिली नव्हती. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. ओकादासाननी एकदा तिच्याकडे, एकदा हरेश्वरकडे पाहिलं आणि जेवण आणायला सांगितलं. ती परत कोपऱ्यात जाऊन बसली, खुंट्या पिळल्यासारखं केलं, वाजवू लागली. पुन्हा तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

गावी परतल्यावर संध्याकाळी तो उंबऱ्याशी थांबला आणि श्वास सोडला. जमुनाने मान हलवली. पण दोनच दिवसांत ती बोईसरच्या बाजारातून रिकामी टोपली घेऊन आली ती न बोलता. तारापूरच्या बाजूला त्या वर्षी मोठं वीजघर उभं राहत होतं, ट्रक धुरळा उडवत जात आणि बाजारात दुप्पट माणसं असत. त्या सगळ्यांमध्ये चंद्रभानची गोष्ट फिरली होती. रेशमी बाई, पांढरा चेहरा, आपल्या हातांनी पाजते. आणि आपला हरेश्वर पेल्यावर पेला रिकामा करतोय! चंद्रभाननी मनात काही ठेवून सांगितलं नव्हतं. जे दिसलं ते सांगितलं होतं.

हरेश्वरने सगळं सांगितलं. वाडगा, डाव, तार. जमुना चुलीसमोर बसून ऐकत होती.

"सेक्रेटरी बोलतात, त्यांनी डोळ्यांनी पेला बघितला तुज्या हातात."

"हातात होता. तोंडाला नाय लागला."

"आन ती म्हातारी प्यायली. तुज्यासाठी. ओळख ना पाळख."

"व्हय."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाय."

"असं कसं विचारलं नाय!" जमुना पहिल्यांदा चिडली. "एवढं केलं बाईनं आन नाव विचारलं नाय? का बाईच नव्हती?"

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. संध्याकाळी दाराशी यायची, पण मान हलवायची नाही. वळून आत जायची. हरेश्वरला अंथरुणात पडवेना. समुद्रावर असला तरी त्याचं लक्ष किनाऱ्याकडे. किनाऱ्यावर आला की घराकडे. घरात शिरला की कोपऱ्यातल्या जमुनाच्या ट्रंकेकडे. ती जागेवर आहे ना? एके दिवशी ट्रंक कोपऱ्यात नव्हती. ती दारात होती आणि तानीची परकर-पोलकी तिच्यावर घडी करून ठेवली होती.

त्याने ट्रंकेला हात लावला नाही. चुलीजवळचा पाट घेतला, पालथा ठेवला, त्यावर नारळाची करवंटी ठेवली.

"बस," तो म्हणाला.

"कशाला?"

"दोन डाव खेळ माज्यासंगती. मग जा."

कसं खेळायचं ते त्याने सांगितलं. तानीला हंड्यावर ठेका धरायला बसवलं. जमुना बसली ती त्याला खोटं पाडायलाच. पहिले हात सावकाश पडले. मग तानीला मजा वाटू लागली आणि तिने हंडा बडवायला सुरुवात केली. पंजा, पंजा, मूठ, पंजा. जमुनाने करवंटी उचलली, ठेवली, परत उचलली. ती त्याला फसवू बघत होती, आणि त्याचा हात प्रत्येक वेळी बरोबर पडत होता, चुकायला विसरल्यासारखा. जमुना हरली. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "परत." परत हरली.

ती हंडा थांबवून त्याच्या हाताकडे बघत राहिली. हा हात तिला ठाऊक होता. एक पेला पोटात गेला की याला स्वतःची चप्पल सापडायची नाही. दोन गेले की सदऱ्याचं बटण लागायचं नाही. त्या हाताने हे शिकणं झालं नसतं.

"तिथं शिकलास हे? त्याच दिवशी?"

"तिथंच. दुसरीकडं कुठं शिकणार?"

"शिकताना किती वेळा चुकलास?"

"एकदाच. तेच तर सांगतोय."

जमुनाने तानीचे कपडे उचलले आणि आत नेऊन ठेवले. ट्रंक मात्र त्याला उचलायला लावली. जाता जाता म्हणाली, "परत गेलास तर पहिलं नाव विचार त्या बाईचं. माणूस हायस का ओंडका!"

परत जाणं झालं नाही. सोसायटीला इंजिन आलं, हरेश्वरने ते चालवलं, दुसऱ्यांना शिकवलं. घरात करवंटीचा डाव राहिला. तानी सगळ्या गल्लीला हरवायची. संध्याकाळचं 'हा'ही राहिलं.

एकोणसत्तरच्या थंडीत छातीत पाणी झालं आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हाही त्याला पडून राहवत नसे. कूस बदलायचा, उठून बसायचा, बंदराला कोणाची होडी लागली म्हणून विचारायचा. बोईसरचा डॉक्टर येऊन गेला. संध्याकाळी चंद्रभान आले, त्यांच्या दारूच्या परमिटावर मिळालेली ब्रँडी एका लहान बाटलीत घेऊन. "औषध समजून द्या वहिनी," ते म्हणाले. "दोन चमचे, कोमट पाण्यातून. छातीला ऊब येते."

जमुनाने चमचा भरला, त्याची मान हातावर घेतली आणि चमचा ओठांशी नेला. त्याने ओठ मिटले.

"मी देते ना?" ती म्हणाली. "मीच सांगते. घे."

पुढचे दोन दिवस, जाईपर्यंत, तापात तो काय काय बरळला, ते कुणाला कळलं नाही. शुद्धीतलं बोलणं हे शेवटचं. त्याने चमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अगोदर वाडग्यात थोडं पाणी आण गो."